चाळीस वाव दोर

आमची मोहीम गलबताच्या एका नांगरासाठी होती. नांगर सापडला तर एका मुलीला पदव्युत्तर पदवी मिळणार होती आणि आमच्या सरांचं एक नावाजलेलं पुस्तक बुडणार होतं. तरीही सर स्वतः मोहिमेवर आले होते, आणि तेही सगळ्यांच्या आधी, गोल टोपी घालून. आता मला सांगा, ज्या दोराने आपल्यालाच फाशी बसायची तो वळायला कोणी इतक्या उत्साहाने निघतं का?

मी सदुसष्ट वर्षांचा विद्यार्थी. पस्तीस वर्षं गोदीवर सामान तपासायची नोकरी केली, त्यामुळे माणूस भेटला की नजर आधी त्याच्या पिशवीकडे जाते. निवृत्तीनंतर मी घरात येणाऱ्या भाजीचीही झडती घेऊ लागलो, तेव्हा बायको म्हणाली, "संशय घ्यायचाच आहे तर शिकून-सवरून घ्या." म्हणून सागरी इतिहासाच्या वर्गात नाव घातलं. वर्गात आम्ही तिघे. त्यातला एक फक्त पंख्याखाली बसायला यायचा. उरलेली विद्यार्थिनी म्हणजे टाचणी. शरीराने बारीक, बोलण्यात टोकदार; कागद असो वा माणूस, जिथल्या तिथे टोचून ठेवणार.

टाचणीचा विषय होता दोनशे वर्षांपूर्वी फुटलेलं एक गलबत. चौकशीत कप्तानाने सांगितलं, वादळ आलं, नांगर टाकायलाही वेळ मिळाला नाही, गलबत खडकावर आपटलं. स्वयंपाक्याने सांगितलं, वादळ कसलं? उंच खडकाला दोर बांधला, तो मीच मावळतीकडे चाळीस वाव मोजून सोडला, तिथे आरामात नांगर टाकला, माल उतरवला आणि मग गलबत फोडलं. वाव म्हणजे दोन्ही हात पसरले की होणारं अंतर, पुस्तकात सहा फूट. चौकशीने कप्तानाचं मानलं. सरांच्या पुस्तकानेही कप्तानाचंच मानलं. टाचणीने स्वयंपाक्याचं मानलं, आणि तिचा प्रबंध 'पुरावा?' एवढ्या एका लाल शब्दासह परत आला. आता तो पुन्हा द्यायला नऊ दिवस उरले होते. दुसऱ्यांदा परत आला की नाव कमी.

वर्षातली सगळ्यात मोठी ओहोटी त्या दिवशी होती. खडकाळ तळ दीड तास उघडा पडणार होता.

"नांगर लोखंडाचा की पितळेचा?" होडी हाकणाऱ्या तांडेलाने निघताच विचारलं.

"का?" मी विचारलं.

"सहज."

गोदीवर 'सहज' म्हणणाऱ्या माणसाच्या बुटाचे तळवेसुद्धा मी उचकटून पाहिले आहेत. पण त्याहून मोठी काळजी सरांच्या पिशवीची होती. चेन बंद. बसताना मांडीवर, लाट आली की छातीशी. टाचणी माझ्या कानाशी म्हणाली, "काका, आत हातोडा असेल?"

"फुगीर आहे. हातोडा फुगत नाही."

"तुम्ही नक्की माझ्या बाजूने आहात ना? सरांनी तुम्हाला पाठवलं नाही ना?"

विद्यार्थिनी तयार होत होती. मला बरं वाटलं.

उंच खडकाशी होडी लावली तेव्हा पाणी मागे सरकून दूर चकाकत होतं आणि समुद्राचा तळ, एरवी कोणाला न दाखवलेला, उन्हात उघडा पडला होता. काळ्या खडकांच्या रांगा, त्यांच्यामधली हिरवी डबकी, डबक्यांत अडकून गोंधळलेले मासे, आणि पायाखाली सतत कुरकुरणारी कालवांची कवचं. टाचणीने खडकापासून मावळतीकडे फीत धरली. चाळीस गुणिले सहा, दोनशे चाळीस फूट. तिथे पोचलो.

वाळू. नुसती वाळू.

तिने गजाने टोचून पाहिलं. डावीकडे, उजवीकडे, पुढे. काही नाही. अर्धा तास गेला. सर घड्याळाकडे बघून अतिशय मऊ आवाजात म्हणाले, "शोध घेतलास, हेही काही कमी नाही." मऊ आवाज मला मुळीच आवडत नाही.

तांडेल आमच्या मागोमाग आला होता आणि होडी बांधायला जादा दोर मोजून काढत होता. छाती पुढे काढून, दोन्ही हात पसरून, एक, दोन, तीन. धिप्पाड गडी. टाचणी एकटक बघत राहिली.

"तांडेलदादा, हे किती झालं?"

"तीन वाव."

तिने फीत लावली. "हे एकोणीस फुटांच्या वर आहे. तीन वाव म्हणजे अठरा."

"ते तुमच्या पुस्तकातल्या माणसाचे, ताई. हे माझ्या हातांचे."

टाचणी गर्रकन माझ्याकडे वळली. इथे सांगायला हवं की माझा स्वतःचा प्रबंध गलबतांवरच्या स्वयंपाक्यांवर आहे. विभागात त्याला 'फोडणी' म्हणतात.

"काका, आपला स्वयंपाकी किती उंच होता?"

"बुटका. कप्तानच चौकशीत म्हणाला, खोक्यावर चढल्याशिवाय याचा हात पातेल्यात पोचत नाही, याची साक्ष काय घेता? हजेरीपटात साडेचार फूट लिहिलंय. पसरलेले हातही तेवढेच धर."

"एकशे ऐंशी!"

आम्ही मागे वळलो, आणि पाहतो तर सर आमच्या आधीच तिकडे निघाले होते! हिशेब त्यांनीही केला होता, फक्त मोठ्याने नाही. टाचणी धावली. मी घसरत, धरत, पुन्हा घसरत तिच्यामागे.

दोन खडकांच्या खाचेत तो होता. गंजाने फुगलेला, शेवाळाने माखलेला, एक फाळ आभाळाकडे. नांगर! आणि त्याला खेटून सर उभे. त्यांनी चेन उघडली. पिशवीत हात घातला.

"सर, हात लावू नका!"

त्यांनी बाहेर काढलं ते नारिंगी रंगाचं फुगवायचं जॅकेट होतं. अंगात चढवून ते नळीत फुंकू लागले.

"मला पोहता येत नाही," दोन फुंकरींच्या मध्ये सर म्हणाले. तीस वर्षं हा माणूस समुद्र शिकवत होता.

"पाणी फिरलं!" होडीवरून तांडेल ओरडला.

"सर, बाजूला व्हा, मला मापाची काठी लावायचीय."

सर हलेनात.

"सर!"

"पाय उचलत नाहीत गं."

तिचा विश्वास बसला नाही. चिडून तिने तसाच फोटो काढला, सरांसकट. त्याच क्षणी लाट खाचेत घुसली. सर आडवे झाले. ओढ लागली! टाचणीने काठी पुढे केली. सरांनी टोक धरलं. मी तिचा पट्टा धरला. धावत आलेल्या तांडेलाने मागून माझी कॉलर धरली. ओढा! पुन्हा ओढा! काठी कडाडली, मोडली, पण तोवर सरांचा हात तांडेलाच्या पंजात आला होता. काठीचे लाल-पांढरे तुकडे पाण्याबरोबर निघून गेले. नांगराचा फाळ तेवढा दिसत होता. मग तोही नाही.

"पाच मिनिटं," टाचणी म्हणाली. "मापाशिवायचा फोटो कोणी मानणार नाही."

"ताई, नांगर दोनशे वर्षं थांबला. पाणी पाच मिनिटं थांबायचं नाही. चला."

ती चालू लागली. मागे वळून बघितलं नाही, हे तिला फार जड गेलं.

दुसऱ्या दिवशी विभागात सरांनी फोटो टेबलावर ठेवला आणि बराच वेळ पाहिला.

"याला माप नाही," ते म्हणाले.

टाचणीने माझ्याकडे पाहिलं. आलं, हेच यायचं होतं.

सरांनी लाल पेन उघडलं आणि फोटोखाली लिहिलं: 'माप: छायाचित्रातील इसम. उंची पाच फूट सात इंच.' खाली पूर्ण सही केली, तारीख घातली आणि कपाटातलं स्वतःचं पुस्तक काढून पालथं ठेवलं. पस्तीस वर्षांत पहिल्यांदाच एखाद्या माणसाची झडती घेतल्याची मला लाज वाटली.

टाचणीला नाही वाटली. तिने खिशातून फीत काढली.

"सर, बूट काढा."

"अगं, इंच-दोन इंचांनी काय बिघडतं?"

"काल साठ फुटांचं बिघडलं होतं."

सरांनी मदतीसाठी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्या टाचांकडे पाहिलं. मग ते खाली वाकले आणि नाडी सोडू लागले.