दोन खुणांचा पंखा

होडी नुसती किंचाळत होती. पुढं सरकत नव्हती.

दापोडीच्या रेल्वेपुलाखाली, मुळेच्या काठावर हजारभर माणूस जमलं होतं. १९५४ सालचा दसरा. पुलापासून पवनेच्या संगमापर्यंत जाऊन परत, अशी मोटारहोड्यांची शर्यत. आठ दिवसांपूर्वीच्या चाचणीत बबनरावांच्या ‘साळुंकी’नं सगळ्यांना मागं टाकलं होतं. आज खडकीची होडी तिच्या शेजारून आरामात निघून गेली.

पायरीवर उभ्या असलेल्या सुभद्राबाईंनी पदरातली आपट्याची पानं घट्ट धरली. होडी त्यांच्या नवऱ्याची होती. तरी त्यांनी आधी पाहिलं ते मिस्त्रीकडं. जहीर गुडघाभर पाण्यात उभा होता. डोळे मिटून तो इंजिनाचा आवाज ऐकत होता.

होडी काठाला लागायच्या आत बबनरावांनी बंदोबस्तावरच्या जमादार उद्धवरावांना गाठलं.

“धरा त्याला. खडकीवाल्यांनी फितवलाय. होडीच्या बुडाला मुद्दाम चुकीचा पंखा निवडला. अन् दुसरा, एका खुणेचा, शेडातून पळवला, म्हंजी ताडून बघायला नको. सांजच्याला शेड रिकामी झाली पायजे.”

त्या शेडात जहीर अकरा वर्षं काम करत होता आणि मागच्या, वेगळ्या दाराच्या खोलीत म्हाताऱ्या आईला, रोशनबीला, घेऊन राहत होता. जमादारांनी त्याचा दंड धरला. जहीरनं तो झटकून सोडवला.

“चालतो मी. धरायची गरज नाही. पण पंखा मी चुकीचा निवडला नाही. हे चौकीत विचारा नाहीतर भर बाजारात, जबाब एकच मिळेल.”

“चल, मग तिथंच सांग.”

“जमादारसाहेब,” सुभद्राबाई पायऱ्या उतरल्या. “पंखा अजून होडीला हाय. तो काढा. मग न्यायचं त्याला न्या.”

“तू घरला जा,” बबनराव म्हणाले.

“जाईन. पंखा बघून जाईन.”

माणसं जवळ सरकली. बबनरावांच्या बायकोनं त्यांना उलटून बोललेलं गावानं कधी ऐकलं नव्हतं, आणि आताही तिचा आवाज चढला नव्हता.

होडी चालवणारा ज्योतीराम, बबनरावांचा धाकटा भाऊ, ओला होऊन वर आला. सुभद्राबाईंनी पहिला प्रश्न त्याला विचारला.

“भावजी, होडी थरथरत होती का?”

“न्हाई वैनी. लोण्यावानी चालत होती. जोरच न्हवता.”

“फेऱ्यांचा काटा कुठं होता?”

“साडेचार हजाराच्या जवळ. इंजान फुटतंय का काय असं वाटलं.”

“चाचणीला?”

“चार हजार. बरोब्बर.”

त्या जहीरकडं वळल्या. “याचा अर्थ काय, समजंल असं सांग.”

जहीरनं हात पुसले. “वैनी, स्क्रूला आटे असतात ना, पंख्याचं तसंच. एका फेऱ्यात चौदा इंच पुढं जायला बघतो तो चौदा चढाचा. आपल्याकडं दोन पंखे. पिंपरीच्या मीरासाहेबांनी पितळेत ओतलेले, आकारानं सारखे. एक बारा चढाचा, त्याच्या तुंब्यावर, मधल्या गोल भागावर, मी कानशीनं एक खूण केली. दुसरा चौदाचा, त्याला दोन. या इंजिनाची ताकद चार हजार फेऱ्यांना पुरी लागते. चौदाला काटा तिथंच थांबतो. बाराला इंजिन हलकं पडतं, भणाणतं, होडी मात्र रेंगाळते.”

“म्हंजी आज होता तो बाराचा?”

“आवाज बाराचा होता. पण बसवताना खुणा मी अंगठ्यानं मोजल्या. दोन होत्या.”

बबनराव हसले. “ऐका. स्वतःच्याच तोंडानं सांगतोय. त्यानंच बसवला.”

“पंखा तुला कुणी दिला?” सुभद्राबाईंनी विचारलं.

“मालकांनी. मी दोन खुणांचा मागितला, त्यांनी पूजेतून उचलून दिला, लाल फडक्यात.”

“तू उलटून बघितलास?”

जहीरनं दोन्ही हात पुढं धरून दाखवले. “पूजेतली वस्तू मालकाच्या हातून दोन्ही हातांनी घेतली. ती उलटून कोण बघतं, वैनी? फडक्यातच खुणा चाचपून मोजल्या, ग्रीस लावलं, नट आवळला.”

ज्योतीरामनं पंखा सोडवून आणला. तुंब्याच्या तोंडाशी, नटाखाली झाकल्या जाणाऱ्या जागी, ग्रीसचा थर होता. सुभद्राबाईंनी पदराच्या टोकानं तो पुसला. खाली दोन खुणा होत्या. त्यांनी पंखा उन्हात तिरका करून एकेक खूण बघितली. मग कमरेची किल्ली काढून म्हणाल्या, “आता शेड.”

शेडात कालची पूजा तशीच होती. खंडेनवमीला दापोडीत हत्याराला कुणी हात लावत नाही. पाने, हातोडे, कानशी, सगळ्यांना हळदकुंकू लागतं, झेंडू वाहिला जातो आणि कुलूप पडतं. काल दुपारी ही पूजा सुभद्राबाईंनीच केली होती. जहीरनं हातोडे घासूनपुसून मांडून दिले होते. फळीवर आता एकही पंखा नव्हता.

“बघा,” बबनराव म्हणाले. “एका खुणेचा गायब. सकाळीच दिसलं मला.”

“सकाळी दिसलं,” सुभद्राबाई शांतपणे म्हणाल्या, “तर सकाळीच का न्हाई बोललात? शर्यत हरूस्तवर कशापायी थांबलात?”

बबनरावांनी फळीकडं पाठ फिरवली.

सुभद्राबाईंनी कानशींच्या ओळीतली शेवटची, बारीक कानस उचलली आणि दाराच्या उजेडात जमादारांपुढं धरली.

“हे काय दिसतंय?”

“हळद.”

“हळद संपली व्हती. शेवटच्या दोन कानशींना मी नुसतं कुंकू लावलं. अन् हळद चमकत न्हाई.”

उद्धवरावांनी नखानं दात्यांत खरवडलं. नखावर पिवळा कीस चमकला. “पितळ आहे हे.”

“कुंकवाच्या वर बसलंय. म्हंजी पूजेनंतर कुणीतरी ही कानस चालवली.”

“त्याच्याबिगर कोण?” बबनराव म्हणाले. “त्याला कसली आलीय खंडेनवमी?”

जहीर पुढं आला. आवाज चढला नव्हता, पण मान ताठ होती. “अकरा वर्षांत या दिवशी मी साधा पाना उचलला नाही, मालक. गेल्या साली तुमचीच गाडी बंद पडली होती, तेव्हाही नाही. तुम्ही शिव्या घातल्या होत्या. आठवतं?”

“आठवत असंल न्हाईतर नसंल,” सुभद्राबाई म्हणाल्या, “किल्लीचं बघू. शेडाच्या किल्ल्या किती?”

“दोन,” जहीर म्हणाला. “माझी मी काल पूजेच्या ताटात ठेवली.”

“अन् ह्यांची पण त्याच ताटात. ताट मी घरला नेलं. दोन्ही किल्ल्या रातच्याला आमच्या देव्हाऱ्यात ठेवल्या. सकाळी हे एकटेच शेडात आले, पंखा घेऊन गेले अन् कुलूप लावून किल्ली माझ्याकडं दिली. दुसरी अजून देवापुढं हाय.” त्यांनी पंखा जमादारांच्या हातात दिला. “आता या खुणा बघा. काल मी दोन्ही पंख्यांच्या खुणांवरच कुंकू भरलं. माणसाला कपाळ असतं, तसं पंख्याला ते.”

उद्धवरावांनी पंखा तिरका धरला. एका खुणेच्या तळाशी लाल रेघ होती. दुसरी खूण कोरी, लखलखीत.

“ही दुसरी खूण पूजेनंतर पाडलेली,” ते सावकाश म्हणाले. “म्हणजे हा मुळातला एका खुणेचा. बाराचा.”

“व्हय. तुमी एका खुणेचा शोधत होता, तो तर होडीला व्हता. हरवलाय तो दोन खुणांचा. अन् देव्हाऱ्यातली किल्ली रातीत घरातल्याच माणसानं उचलली. घरात माणसं तीन. भावजी काल दुपारपासून चिंचवडात बहिणीकडं, सकाळी परस्पर काठावर आले. मी मला वगळत न्हाई. पण मी उचलली असती, तर हे सगळं मीच उघड केलं नसतं.”

दारातली माणसं बबनरावांकडं वळली. बबनरावांचा चेहरा उतरला होता, पण बोलणं अजून चढं होतं.

“हरवलेला पंखा कुठाय? तो दाखव. न्हाईतर ही सगळी बाईमाणसाची बडबड.”

“भावजी, घरला जावा. माजघरातली बाजरीची कणगी उपसा.”

“बाजरीची?”

“काल पुरणपोळी व्हती, आजबी गव्हाचंच. दोन दिवस मी कणगीचं झाकण काढलं न्हाई. तरी आज पहाटं कणगीपुढं बाजरी सांडलेली. उंदीर म्हणून झाडून घेतली मी. उंदीर झाकण परत लावत न्हाई.”

ज्योतीराम पळत गेला. एक मालगाडी पुलावरून गेली. जमादारांनी टोपी काढून पुन्हा घातली.

ज्योतीराम आला तेव्हा त्याच्या हातातल्या पंख्याच्या पात्यांवर बाजरीचे दाणे चिकटले होते. तुंब्यावर दोन खुणा, दोन्हींत काठोकाठ कुंकू.

“मुळेत टाकून दिला असता तर कुणाला सापडला नसता,” जमादार म्हणाले.

“पूजा केलेलं हत्यार पाण्यात टाकायची छाती झाली न्हाई त्यांची,” सुभद्राबाई म्हणाल्या. “कानस मात्र चालवली.”

बबनराव तेलाच्या पिंपावर बसले.

“गावभर ‘जहीरची होडी’ म्हणत्यात,” ते जमिनीकडं बघत म्हणाले. “लाकूड माझं, इंजान माझं. जिंकलो तर शेडाच्या पाटीवर त्याचं नाव लावीन, असं चारचौघांत बोलून बसलो. शब्द फिरवता येत न्हवता. तो खोटा पडला असता तर...”

“तर शब्द आपोआप फिरला असता,” सुभद्राबाईंनी वाक्य पुरं केलं.

जमादारांनी वही काढली. “जहीर, तक्रार तुझी. बोल, काय लिहू?”

“एवढंच लिहा की पंखा मी बरोबर निवडला होता. बाकी काठावर जमलेल्यांना ऐकू दे.”

सुभद्राबाईंनी चौदाचा पंखा त्याच्यापुढं धरला. त्यानं सवयीनं दोन्ही हात पुढं केले. त्यांनी पंखा सोडला नाही.

“आधी उलटून बघ.”

जहीरनं उलटून बघितला. दोन्ही खुणांवरून अंगठा फिरवला. मग घेतला.

ऊन कलायच्या आत साळुंकी पुन्हा पाण्यात उतरली. निकाल लागून गेला होता, ढाल खडकीला गेली होती. तरी माणसं थांबली होती. होडीनं पुलाखालून उसळी घेतली आणि नाक वर करून संगमाकडं सुटली. या खेपेला जहीर आत बसला होता. त्यानं एक हात उंच करून चार बोटं दाखवली. चार हजार.

बबनराव पायरीपाशी आले. हळू आवाजात म्हणाले, “घरला चल. मग बघतो तुझ्याकडं.”

“येते की,” होडीवरची नजर न काढता सुभद्राबाई म्हणाल्या. “तुमी व्हा पुढं. बाजरी भरून ठेवा कणगीत. अन् जाताना पाटी रंगवणाऱ्याला सांगा, उद्या सकाळी शेडावर ये म्हणावं.”