हॉलीबुश डोंगरावरचे सरकलेले झेंडे

"अरे, हा झेंडा इथे नव्हता!" डेल्फी ओरडली.

"मग त्याला पाय फुटले असतील!" तिचा चुलतभाऊ ओरिन हसला.

डेल्फीला हसू आलं नाही. मागच्याच आठवड्यात संशोधक हॅलोरनबाईंबरोबर या मुलांनीच ते पिवळे झेंडे रोवले होते. शंभर वर्षांपूर्वी याच डोंगरावर वेस्ट व्हर्जिनियाचे खाणमजूर युनियनसाठी कंपनीच्या बंदूकवाल्यांशी लढले होते. जिथे काडतुसांची टरफलं जमिनीत सापडली, तिथे झेंडा. झेंड्यांपलीकडे कोळशाच्या कंपनीने यंत्र न्यायचं नाही, असा सरकारी हुकूम होता.

"ताई, इकडे ये!" उतारावरून धाकट्या टेसीने हाक मारली. गवतात बोटभर रुंदीचं ताजं भोक होतं. पुढे आणखी एक. मग रांगच!

"कुणीतरी झेंडे उपटून वर नेलेत!" डेल्फी म्हणाली. खाली बुलडोझर धडधडायला लागला होता आणि तो चालवत होते तिचे बाबा.

तिघं धावत कंपनीच्या मुकादमाकडे, प्रॅटरकडे गेली. जीपला टेकून तो सँडविच खात होता.

"वाऱ्याने हलले असतील," तो म्हणाला. "पळा घरी! आणि काय गं डेल्फी, बापाची नोकरी नकोशी झालीय का?"

डेल्फी दोघांना घेऊन वर परतली.

"एक टरफल उकरून त्याच्या नाकावर मारू या!" ओरिन म्हणाला.

"हात लावू नकोस! जागेवरून हललं की पुरावा गेला, बाई म्हणाल्या होत्या ना? त्यापेक्षा शर्ट काढ."

"काय?"

"तुझा शर्ट लाल आहे. काढ लवकर!"

"आई सोलून काढेल मला!"

पण त्याने काढला. उघड्या अंगानेच तो सायकलवरून बाईंना आणायला सुटला. दोघी बहिणींनी शर्टाच्या चिंध्या काठ्यांना बांधल्या आणि भोकाभोकात खोचल्या.

बुलडोझर वर आला. आणखी वर. शेवटी पहिल्या चिंधीसमोर थांबला. लढ्यातले मजूर गळ्यात लाल रुमाल बांधायचे, हे त्या खोऱ्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

बाबा खाली उतरले. वाकून त्यांनी भोकात बोट घातलं.

"थांबलास का? घाल पुढे!" प्रॅटर खालून ओरडला.

"माझे पणजोबा इथे लढले, साहेब. त्यांच्या अंगावरून यंत्र घालू?" बाबांनी किल्ली काढून खिशात टाकली.

"उद्यापासून येऊ नकोस!"

बाबा चिंधीपाशीच उभे राहिले.

तेवढ्यात हॅलोरनबाई सरकारी तपासनिसाला घेऊन पोचल्या. बाईंच्या धातू शोधायच्या यंत्राने प्रत्येक चिंधीपाशी टूं-टूं केलं. टरफलं जिथल्या तिथे होती! तपासनिसाने काम तिथेच बंद पाडलं. प्रॅटरचा चेहरा पांढराफटक पडला.

"तुम्ही एकही टरफल हलवलं नाहीत, म्हणून हा डोंगर आज वाचला," बाई म्हणाल्या. "शाबास!"

उतरताना डेल्फीने बाबांचा हात धरला. तो गार पडला होता.

"बाबा, तुम्हाला भीती वाटली?"

"खूप. तुला?"

"मलापण."

"पणजोबांनाही वाटली असणार," बाबा म्हणाले आणि त्यांनी तिचा हात घट्ट दाबला.