अध्यक्षांनी हलवलेली खुर्ची

"न केलेल्या गोष्टीची मी माफी मागणार नाही," सोर्खा हिहिर म्हणाली.

सोर्खा आयर्लंडमधल्या एनिस गावातली घोड्यांची डॉक्टर. व्यापारी मॅलकी क्विलिगनच्या लंगड्या घोडीला निरोगी ठरवायला तिने नकार दिला, तेव्हा घोडी हिनेच अधू केली अशी तक्रार त्याने ठोकली. पशुवैद्यांच्या शिस्त समितीने पहिल्याच बैठकीत सोर्खाचे साक्षीदार नाकारले. परवाना जायची वेळ आली, तसा तिचा वकील दोनल टब्रिडी तिला खाजगी तपास करणाऱ्या नोरीन केरिनकडे घेऊन आला.

"समितीतली डॉक्टर मॉरोनी क्विलिगनच्या बाजूने साक्ष देणाऱ्या घोड्यांच्या डॉक्टरबरोबर पूर्वी एकाच दवाखान्यात होती," दोनल म्हणाला. "सापडली की!"

"ते तिने स्वतःच सांगितलंय," नोरीन म्हणाली. "नुसती जुनी ओळख म्हणजे पक्षपात नव्हे, दोनल. तिचा धागा या प्रकरणापर्यंत पोचायला हवा. बैठकीत आणखी काय झालं?"

विशेष काही नाही, तो म्हणाला. अध्यक्ष फर्गल डेव्हिट यांनी क्विलिगनला आपण ओळखत नसल्याचं सांगितलं. मग क्विलिगन आत आला. त्याने तोंड उघडण्याआधीच अध्यक्षांनी त्याची खुर्ची फिरवायला लावली, डावी बाजू समितीकडे येईल अशी. उजेडासाठी असेल.

नोरीन मॉरोनीला भेटली. साक्षीदार ऐकावेत असं म्हणणारी ती एकटीच होती.

मग घोडेबाजार. नोरीनने क्विलिगनच्या उजवीकडून भाव विचारला. तो समोरच बघत राहिला. ती डावीकडे आली, तसं लगेच उत्तर आलं. तरुणपणी उजव्या कानावर घोड्याची लाथ बसली होती म्हणे.

"कुणाला सांगू नकोस हं. कळलं तर माझ्या बहिऱ्या कानाशीच सौदे ठरवतील लेकाचे." मग तो बढाईवर आला. ज्या घोडीवरून वाद चालला होता तिची आई त्याच्याच तबेल्यातली, भागीदार होता तेव्हाची. भागीदाराचं नाव मात्र त्याने टाळलं.

पुढच्या बैठकीत दोनलने नोरीनला बोलू देण्याची परवानगी मागितली.

"अध्यक्षसाहेब, क्विलिगन आपला कान सगळ्या बाजारापासून लपवतो. अनोळखी माणसाला तो कसा कळला? खुर्ची तुम्ही त्याच्यासाठी फिरवलीत. तो भागीदार तुम्हीच."

डेव्हिट म्हणाले, "भागीदारी कधीच मोडली. माझ्या मनात पक्षपात नाही."

"नसेलही. तुमचं मन तपासायला मी आले नाही. तुमच्या तबेल्यातल्या रक्ताची घोडी, तुमचा जुना भागीदार, आणि तुम्ही ओळखच नाकारलीत. हे पाहून कुठल्याही समंजस माणसाला पक्षपाताची भीती वाटेल. कायद्याला तेवढं पुरतं."

डेव्हिट खुर्चीवरून उठले ते परत बसले नाहीत. नवी समिती नेमायचं ठरलं.

बाहेर दोनल धावत आला. क्विलिगन तक्रार मागे घ्यायला तयार होता. "सुटलीस, सोर्खा!"

"मागे घेऊ देऊ नकोस," ती म्हणाली. "लोक म्हणतील, आपसात मिटवलं. चौकशी होऊ दे, नि माझे साक्षीदार ऐकल्याशिवाय कोणी उठायचं नाही."