पुलाखालचा व्हिडिओ

वरठीच्या कारखान्यातून सुटला, की अमर शहापूरला घरी असलेल्या बायकोला एक व्हिडिओ मेसेज पाठवायचा. दोघांनी त्यासाठी खास ॲप घेतलं होतं. हेल्मेट चढवता चढवता तो एवढंच म्हणायचा, "निघालो, रत्ना."

त्या दिवशी सांजवेळी रत्नमाला तांदूळ निवडत होती. फोन वाजला, अमरचाच मेसेज होता. तिनं व्हिडिओ उघडला, पण अमर दिसेना. नुसतं ओलं गवत. जवळच पाणी झुळझुळत होतं, आणि फोन धरणारं कुणीतरी संथ श्वास घेत होतं. चित्र हळूहळू सरकलं... पळसाचं झाड, कठडा तुटलेला पूल, नाल्यात आडवी झालेली मोटारसायकल. मग अमरचं तोंड. डोळे मिटलेले, कपाळावर रक्त.

पुढचं न बघताच ती अंगणात धावली. "भाऊजी, गाडी काढा जी!"

तिच्या दिरानं, मनिषनं, पूल ओळखला. "मले माहीत आहे ही जागा. बसा लवकर, वहिनी."

ते पोचले तेव्हा अंधारून येत होतं. पुलाखाली कुजक्या पाल्याचा वास दाटला होता. अमर तिथंच पडला होता. मनिषनं त्याच्या नाकाशी बोटं धरली.

"जित्ता आहे... वहिनी, जित्ता आहे!"

रत्नमालानं चिखलातच बसून त्याचं डोकं मांडीवर घेतलं.

भंडाऱ्याच्या दवाखान्यात अमरच्या पायाला प्लास्टर लागलं. शुद्धीवर येताच त्यानं चहा मागितला, तशी ती रडता रडता हसली. जीव भांड्यात पडला होता.

"व्हिडिओ काढला कोनं?" मनिषनं विचारलं. "त्याचे पाय धरतो मी."

"कायचा व्हिडिओ? फोन तर माह्या खिशात होता."

खरंच, नर्सनं खिशातून काढलेला फोन उशाशी होता. पाणी जाऊन बंद पडलेला.

रत्नमालानं आपल्या फोनवर व्हिडिओ पुन्हा लावला. या वेळी शेवटपर्यंत. अमरच्या तोंडावरून चित्र वर रस्त्याकडे वळलं. पुलावर एक गाडी थांबली. उतरला तो मनिष, आणि मागून ती स्वतः.

"पन... हा तर आपून निघायच्या आधी आला होता," मनिष पुटपुटला.

व्हिडिओतली रत्नमाला घसरत खाली आली, अगदी समोर थांबली आणि तिनं हात जोडले. "तुमी होते म्हनून वाचले हे. येजा एखाद्या दिवशी घरी."

आपण तिथं कुणाशी बोलल्याचंच तिला काही केल्या आठवेना.

फोनच्या अगदी जवळून उत्तर आलं, हळूच, अदबीनं...

"येईन ना जी."