आत्याला कुठे उतरवायचं

आज रात्रीच सियांतारला गाडी काढणार म्हणतोस, तिगोर? काढ बाबा. मला आता रात्री अंगणात जायचंही जिवावर येतं. तू माडीला हात लावू नकोस, ती इकडे ओत. आणि एवढं लक्षात ठेव, वाटेत कुणाला गाडीत घेतलंस तर आधी आडनाव विचार.

"मामा, हल्ली आडनाव कोण विचारतं? पोरं मोबाइल नंबर विचारतात."

विचारायला काय दात पडतात तुझे? हसा लेको. मांगासीसुद्धा त्या रात्री विसरला होता.

मांगासी सितोरुस, माझ्या बहिणीचा नवरा. सियांतारच्या रस्त्यावर मिनीबस चालवायचा. गोष्ट ईस्टरच्या आदल्या शनिवारची, त्यांच्या घराण्याची नवी कबर बांधून झाली त्याच्या पुढच्या वर्षीची. सिमेंटची, पुढे दार, वर क्रूस, आत आजा-आजी आणि आईबापाची हाडं. फक्त तिओमिनआत्या तेवढी बाहेर राहिली होती.

तिओमिन म्हणजे मांगासीच्या बापाची एकुलती बहीण. लग्नात बापाने तिला तळ्याकाठचं शेत आंदण दिलं होतं. मूलबाळ झालं नाही. नवरा गेल्यावर सासरच्यांनी तोंड फिरवलं, तशी ती त्या शेतात झोपडी घालून राहिली. सगळं गाव सरकारी बुटकं भात लावायचं, ही एकटी जुनं उंच तांबडं भात लावायची. मेली तेव्हा तिथेच बांधाला पुरली. दिलेली लेक बापाच्या कबरीत जात नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको.

ते शेत मांगासीकडे आलं आणि जकार्ताच्या एका माणसाला त्यावर पाहुण्यांसाठी बंगला बांधायचा होता. तळं समोर दिसतं ना. त्याचं म्हणणं एवढंच की सोमवारी मी येईन तेव्हा शेतात कबर नको. मांगासीची गाडी जुनी झाली होती, पाठ त्याहून जुनी. शेत विकून एकदाचं घरी बसावं, एवढंच त्याच्या मनात होतं. मी त्याला दोष देत नाही. गाडी चालवून माणूस किती शिणतो ते मला ठाऊक आहे.

शनिवारी सकाळी आम्ही दोघांनी आत्याला वर काढलं. हाडं लिंबाच्या पाण्याने धुतली, उलोसमध्ये, आपल्या मानाच्या शालीत, गुंडाळली, टोपलीत ठेवली. मांगासी ती घेऊन डोंगरापलीकडे तिच्या सासरी निघाला. असल्या जड कामाला निघताना घरातल्या वडीलधाऱ्याने डोक्यावर तांदूळ ठेवायचे असतात, जीव घट्ट राहावा म्हणून. पण त्याच्या घरात त्याच्याहून मोठं कुणी उरलंच नव्हतं. त्याने नुसती लोकरी टोपी कानांवर ओढली आणि गेला.

सासरच्यांनी मासा रांधला, आग्रह करकरून वाढला आणि मग हात वर केले.

"बाई आमचीच हो," तिचा पुतण्या म्हणाला, "पण कबरीवर लिहायचं काय? आपल्यात माणूस थोरल्या लेकरा-नातवाच्या नावानेच ओळखतात. अमक्याची आई? कुणाची आई?"

 टोपली मागच्या बाकावर ठेवून मांगासी परत फिरला. तोवर अंधार पडला होता, पाऊस नव्हता, धुकं मात्र दाट. माहेरची कबर बंद, सासरची बंद, आणि सोमवारी तो जकार्तावाला दारात. पाइनच्या रानातलं ते वळण माहीत आहे ना, जिथे कठडा तुटलाय आणि खाली खोल दरी? तिथे मांगासीने गाडी थांबवली.

हो. तोच विचार होता त्याचा. मला त्याने स्वतः सांगितलं. एकदाच.

मागचं दार उघडून टोपली बाहेर घ्यायला तो खाली उतरला. तेवढ्यात पलीकडून आवाज आला, "गावाकडे जातोयस का रे?"

एक म्हातारी. पायांत काही नाही. तो इतका ओशाळला की आडनाव विचारायचं राहूनच गेलं.

"बसा, आजी," म्हणाला.

ती मागे बसली. टोपलीशेजारी. गाडी निघाली. चढ संपला तसं तिनेच विचारलं.

"कुणाचा रे तू?"

"सितोरुस."

"सितोरुस तर डोंगरभर पडलेत. कुठल्या घरचा?"

"विहिरीजवळच्या. तुम्हाला थंडी वाजत असेल, आजी, काच लावा."

"तुझ्या आज्याला लोक काय म्हणायचे?"

"मांगासीचा आजा. माझंच नाव."

"म्हणजे थोरला नातू तू."

"हो."

"मीपण त्याच घरची. तुझ्या आज्याची लेक."

मांगासीने आरशात पाहिलं. अंधार होता.

"मग सांग," ती म्हणाली, "मी तुझी कोण लागते?"

आपल्या माणसाला हा हिशेब झोपेतही येतो. त्याच घरची लेक. बापाच्या पिढीची. म्हणजे बापाची बहीण. आणि बापाला बहीण...

एकच होती.

त्याने गाडी हळू केली.

"आत्या," तो म्हणाला.

"आत्ता म्हणालास. मघापासून आजी, आजी..."

त्याने काचेवरचं धुकं पुसलं.

"दमले रे. सकाळपासून हिंडवतोयस."

त्याने गिअर बदलला.

"तिकडे नको म्हणाले ना?"

"...हो."

"आणि त्या वळणावर का थांबला होतास?"

वळण आलं, त्याने हॉर्न वाजवला. 

"मला कुठे उतरवणार आहेस, मांगासी?"

त्याला रडू फुटलं. मोठा बाप्या माणूस, गाडी चालवत रडत होता.

"घरी," तो म्हणाला.

"कुणाच्या?"

"आपल्या, आत्या. आपल्या."

 मागून एक लांब श्वास ऐकू आला, ओझं खाली ठेवल्यावर माणूस सोडतो तसा. गावाचे दिवे दिसले तेव्हा त्याने मागे वळून पाहिलं. टोपली होती. बाकी बाक रिकामा होता.

तो घरी गेला नाही. कबरीसमोर गाडी लावून, काचा वर करून, आत बसून राहिला. ईस्टरच्या पहाटे आम्ही सगळे मेणबत्त्या घेऊन कबरींवर आलो, तेव्हा तो टोपली छातीशी धरून दारात उभा होता.

"उघडा," म्हणाला.

गावातले म्हातारे चिडले. "दिलेली लेक बापाच्या कबरीत? डोकं फिरलं का तुझं?"

"मी तिला घरी सोडतो म्हणून शब्द दिलाय. उघडा."

जन्मात कधी आवाज न चढवलेला माणूस. उघडलं त्यांनी. आत्या आपल्या आईशेजारी गेली. शेत त्याने विकलं नाही. अजून पडीकच आहे, येता-जाता बघता तुम्ही. मांगासीने मिनीबस मरेपर्यंत चालवली, पाठ धरून. कुरकुर केली नाही.

"पण मामा, पेंग आली असेल त्यांना. स्वप्न पडलं असेल."

मीही तेच म्हणालो होतो, तिगोर.

प्रार्थना सुरू झाली तेव्हा माझ्या बहिणीने त्याच्या डोक्यावरची टोपी काढली. आदल्या सकाळी माझ्यासमोर घातलेली टोपी. सासरी जेवतानाही त्याने ती काढली नव्हती. बहीण त्याच्या केसांकडे बघत राहिली. मग हळूच विचारलं, "अहो, तुमच्या डोक्यावर तांदूळ कुणी ठेवले?"

मी शेजारीच उभा होतो. मेणबत्ती जवळ नेली. टाळूवर, केसांत, चिमूटभर दाणे.

तांबडे.