खडकावरच्या इंजिनाचा उसासा

इंजिन उसासत होतं. किल्ली फिरवली की आत काहीतरी गरगरे आणि धुराड्यातून लांब, ओलसर ‘हाऽऽ’ बाहेर पडे. कुणीतरी शेवटचा श्वास सोडावा तसं. कस्तुरीच्या अंगावर काटा आला.

२०८४ सालातली दुपार होती. सूर्यवादळाने सकाळीच होड्यांची दिशादर्शक यंत्रं मुकी केली होती आणि आता धुक्याने समुद्र पुसून टाकला होता. त्या पांढऱ्यात कुठेतरी आईची होडी होती. हे तिघे उभे होते तो खडक कुठे आहे, हे तिला आता फक्त भोंग्यावरून कळणार होतं. आणि भोंगा या जुनाट इंजिनावर वाजायचा.

"सकाळीच नवी ढकलदांडी (झडपेच्या तरफेला ढकलणारी सळई) बसवलीय मी," भिवाआजोबा कुरकुरले.

"हाऽऽ," धुराडं म्हणालं.

"झडप मिटत नाही, म्हणून हवा निसटते," बारकू म्हणाला. हा बारकू म्हणजे दाराएवढा यंत्रमानव. "दांडीचं माप सांगा."

आजोबा खाकरले. "माप बरोबरच होतं. वर चार मिलिमीटर वाढवले. झिजते पुढे, असू दे म्हटलं."

कस्तुरीने शाळेच्या सदऱ्याच्या लोंबत्या बाह्या वर सारल्या. गणवेश शिवताना माणसं माप घेतात खरं, पण त्यावर विश्वास ठेवत नाहीत. "आजोबा, लोखंडाचं अंग वाढतं नसतं!"

"झिजेची काळजी लिफ्टर घेतो," बारकू म्हणाला. "लिफ्टर म्हणजे दांडीखालची तेलाची कुपी. आत स्प्रिंगवर दट्ट्या असतो. दांडीने तो एक मिलिमीटर दाबलेला हवा. मग झीज झाली की तेल तेवढी जागा भरून काढतं. पण तो तीनच मिलिमीटर दबतो. चौथ्याने झडप उघडी राहिली."

धुक्यात होडीचं लाकूड करकरलं. फार जवळ.

"पुन्हा मोजू!" कस्तुरी म्हणाली.

बारकूने कॅमचा (दांडीला वर उचलणाऱ्या फिरत्या चाकाचा) उंचवटा लिफ्टरपासून दूर वळवला, म्हणजे झडप पूर्ण मिटायला हवी. मग आजोबांची दांडी काढून तिथे स्क्रूने लांब होणारी मापदांडी बसवली. "तू फिरव. माझ्या हाताने स्प्रिंगच दबेल."

दांडी खडखडत होती. कस्तुरी हलक्या बोटांनी स्क्रू फिरवून ती लांबवत गेली. खडखड थांबली.

"वरखाली हलत नाही... पण बोटांत गोल फिरतेय."

"थांब! हे खरं माप. यात फक्त एक मिलिमीटर मिळव."

आजोबांची दांडी तीन मिलिमीटर कापून बारकूने टोक पुन्हा जोडलं. किल्ली फिरली. उसासा आला नाही. इंजिन धडधडलं आणि भोंग्याने धुकं हादरवलं.

बराच वेळ काहीच नाही. मग पांढऱ्यातून, डावीकडून, आईचा आवाज आला: "बाबाऽऽ, ऐकलंय! वळवतेय होडी!"

आजोबांनी मापदांडी पुसून कस्तुरीच्या हातात दिली. "पलीकडच्या खडकावरचं इंजिनही मीच जुळवलंय गं," ते ओशाळून म्हणाले. "उद्या तेही तूच मोज."