दुसऱ्या हाताचा पाना

“दादानं पाना लावला, तवा तो नट ढिला होता का?”

गोलूनं हे सगळ्यांना विचारलं. ठाण्यातल्या जमादाराला विचारलं, गाडी ओढून नेणाऱ्या क्रेनवाल्याला विचारलं, तुमसरच्या कमानी मिस्त्रीला विचारलं. तेरवीच्या पंगतीत, पाहुण्यांच्या ताटांसमोर उभा राहूनही विचारलं. कोणी ताटात पाहिलं, कोणी आभाळाकडे.

यादोराव ही गोष्ट सांगतात ती धान खरेदी केंद्राच्या आवारात. बाहेर भरलेल्या गाड्यांची रांग, वजनकाटा सकाळी उघडणार, तोवर ड्रायव्हर पोरं शेकोटीभोवती. यादोरावांनी जन्मभर ट्रक चालवला. आता म्हातारपणी ते तुमसरच्या एका राइस मिलवर रात्रीची राखण करतात, आणि सुट्टीच्या रात्री घरी बसवत नाही म्हणून इथं येऊन बसतात.

“भुताचं काही सांगा ना जी काका,” सचिन नावाचा एक पोरगा म्हणाला. “नाही त झोप लागते.”

“भूत मी नाही पाह्यलं. जे पाह्यलं ते सांगतो. बिडी दे पयले.”

“अन् गोष्ट खोटी निघाली त?”

“त बिडी वापस घेजो. ओढलेली.”

पोरं हसली. यादोरावांनी बिडी पेटवली, आणि सांगायला लागले.

सिहोऱ्याच्या अलीकडे एका गावात इश्वर आणि गोलू हे दोघे भाऊ. बाप लवकर गेलेला. घरी आई पार्वताबाई, इश्वरची बायको दामिनी, थोडी धानाची शेती आणि एक जुनी पिकअप. इश्वर शांत डोक्याचा. गोलूची शाळा सातवीतच सुटली होती, आणि त्याचं असं होतं की डोक्यात काही आलं की त्याच्या आधी हात चाललेला असायचा. पण गाडीच्या कामात हात बरा होता.

पिकअप धानाच्या पोत्यांखाली मागून बसायची. खड्डा आला की चाक वर ट्रॉलीला घासायचं. म्हणून दोघा भावांनी दिवाळीत ठरवलं, मागच्या कमानींत, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगांत, एकेक जाड पाटा वाढवायचा आणि पुढचे धक्के झेलणारे दोन्ही शॉकप बदलून भारी टाकायचे. सामान नागपूरहून आणलं. काम घरच्या अंगणातच, आंब्याखाली केलं. मागचे पाटे गोलूनं चढवले. पुढचे शॉकप इश्वरनं बसवले.

आता नव्या पाट्याचं एक असतं. पहिल्या लोडाखाली पाटे दबतात, एकमेकांवर बसतात. मग त्या थराला एक्सलशी आवळून धरणारे यू-बोल्ट थोडे सैल पडतात. म्हणून पहिला लोड गाडीवर असतानाच खाली शिरून त्यांचे नट पुन्हा कसावे लागतात. नाही कसले तर पाटा सरकतो, एक्सल तिरका होतो, आणि भरली गाडी रस्त्याचं ऐकत नाही.

हे सगळेच करतात. पण या दोघांचा एक नेम होता, तो दुसरीकडे कुठं पाहिला नाही. ज्यानं कसलं, त्यानं तपासायचं नाही. दुसऱ्यानं खाली शिरायचं, पान्यानं प्रत्येक नट ठोकून पाहायचा. घट्ट नट टण्ण बोलतो. ढिला असला तर ठप्प.

“आपल्या हाताले आपलं काम चांगलंच वाटते, गोलू,” इश्वर म्हणायचा. “तुह्यं मी पाहीन, माह्यं तू पाह्य.”

भाऊबीज झाली आणि तिसऱ्या रात्री पहिला लोड निघाला. हलका, म्हणजे लवकर येणारा धान होता. गोलूनं सोबत जायचं ठरलं होतं. पण शेजारच्या गावात मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा, भरली होती, रात्री नाटक होतं, आणि पडदा उघडायचा भोंगा ऐकू आला तसा गोलू चप्पल घालून पळाला. इश्वर हसला म्हणतात. एकटाच गेला.

पहाटे त्याची गाडी तळ्याच्या पारीजवळ, बांधाशी सापडली. रस्त्याच्या कडेला नीट उभी, पोती जशीच्या तशी. इश्वर मागच्या चाकाजवळ, अर्धा गाडीखाली, अर्धा रस्त्यावर. कोणती गाडी पाय चिरडून गेली ते कधी कळलं नाही. हातात पाना होता.

पिकअप ठाण्यात गेली. पोती तिथंच उतरवली. गाडी परत मिळाली तेव्हा गोलू सगळ्यांत आधी तिच्याखाली शिरला. मागचे सगळे नट त्यानं तपासले. एकही हलला नाही. आणि तिथंच त्याचा जीव अडकला. हे नट आपणच घट्ट बसवले होते? की ढिले होते आणि दादानं मरायच्या आधी घट्ट केले?

“अरे, नेमच होता ना तुमचा. त्याले पाहायचंच होतं,” लोक म्हणत, यादोरावही म्हणाले होते. पण गोलूला ते उत्तर वाटत नव्हतं.

यादोरावांनी बिडी झटकली. सचिननं विचारलं, “मंग?”

“मंग आवाज.”

गाडी चालवली की कुठूनतरी ठक् असा आवाज यायचा. गोलूनं मागचे पाटे खोलले, पुन्हा बसवले. बुश बदलले. पिनांना ग्रीस भरलं. पुन्हा खोललं. रात्री उठून बॅटरी घेऊन गाडीखाली जायचा, मागच्या चाकांशीच पडून राहायचा. पार्वताबाई दारात बसून राहायची. दामिनी एक दिवस म्हणाली,

“भाऊजी, गाडी विकून टाका. दारात उभी दिसली की मले वाटते, आता हे उतरतील अन् पाणी मागतील.”

गोलूनं त्याच दिवशी चिखला गावच्या एका माणसाला गाडी ठरवून टाकली. विचार नाही, काही नाही. तो गुरुवारी सकाळी न्यायला येणार होता. त्याची बायको, तीन लेकरं, सगळे त्याच गाडीतून फिरणार. हे गोलूच्या ध्यानात आलं बुधवारी, जेवताना. हातातला घास तसाच राहिला. माझ्या हाताचं काम. त्यात लेकरं बसणार. आणि तपासणारा दुसरा हात तर आता नाही.

तो बुधवार. कार्तिकातली अवस.

घरचा शेवटचा धान मिलवर टाकायचाच होता. गोलूनं शेजाऱ्यांना हाक मारून पोती चढवली, आणि गाडी काढली.

“अवसेची रात आहे, बाबू,” पार्वताबाई म्हणाली. “सकाळी जाय.”

“सकाळी गाडी आपली राहत नाही, आई.”

“कोणाले तरी सोबत ने.”

“कोणाले नेऊ?”

त्यानं गळ्यातला दुपट्टा कानाभोवती गुंडाळला आणि गेला.

थंडी चांगली पडली होती. दोन्ही बाजूंना कापलेल्या बांध्या, म्हणजे धानाची शेतं, मधूनच धानाच्या गंज्या काळ्या उभ्या. गाडी लोडाखाली मजेत चालत होती. नवे पाटे खड्डा गिळत होते. मागून काही आवाज नव्हता. गोलू एका कानानं ऐकत होता, एका डोळ्यानं आरशात पाहत होता. आरशात काही नव्हतं.

तळ्याची पार दिसली.

तिथं थांबायचं त्यानं ठरवलं नव्हतं. पाय ब्रेकवर गेला. गाडी कडेला लागली, कच्च्यावर, धुळीत. त्यानं इंजिन बंद केलं. दिवे बंद केले. मग पुन्हा लावले.

शांतता. तळ्यात कुठंतरी मासा उडाल्याचा आवाज.

आणि खालून…

टण्ण.

गोलू हलला नाही. इंजिन गार होताना लोखंड वाजतं. त्याला माहीत होतं.

टण्ण… टण्ण…

डाव्या बाजूला, मागं. एका नटाचा आवाज. मग त्याच्या शेजारच्या नटाचा. मग थोडं थांबून पलीकडचा. इश्वरचा तपासायचा क्रम होता तोच. आधी आतला, मग बाहेरचा, मग एक्सलच्या पलीकडं.

दुसरा कोणी असता तर गाडी सोडून पळाला असता. गोलू उतरला. येणाऱ्या गाड्यांना खूण म्हणून रस्त्यावर मागं पळसाची एक फांदी तोडून टाकली, चाकांना दगड लावले, बॅटरी आणि पाना घेतला आणि जिथं भाऊ पडला होता तिथंच पाठीवर झोपून आत सरकला. धूळ बर्फासारखी गार होती.

त्यानं बॅटरी डाव्या कमानीवर धरली.

पाना नाही. हात नाही. नुसता नट.

टण्ण.

नटावरची धूळ भुरभुरली. त्याच्या तोंडावर पडली.

“दादा…”

टण्ण.

“दादा, त्या दिवशी… ढिला होता का?”

आवाज थांबला.

गोलू वाट पाहत राहिला. दुरून एक मोटारसायकल आली, गेली. पुन्हा अंधार. पुन्हा काही नाही…

“एकदा सांग ना गा. एकदा.”

काही नाही.

“मी नाटकाले गेलो म्हणून रागावला का?”

मग आवाज आला. पण जवळून नाही. पुढून. इंजिनाच्या बाजूनं.

ठप्प.

गोलूनं मान वळवली.

ठप्प… ठप्प…

पुढं तर त्यानं कधी हातच लावला नव्हता. पुढचे शॉकप दादानं बसवले होते. दादाच्या हाताचं काम… आणि ते तपासायचं होतं कोणी?

महिनाभर तो मागच्याच चाकांशी मरत होता. स्वतःच्याच नटांशी. पुढं एकदाही गेला नव्हता. नेम दोघांचा होता. गोलूच्या वाट्याचं तपासणं राहून गेलं होतं.

तो पाठीवर सरकत सरकत पुढं गेला. पोत्यांच्या वजनाखाली गाडी करकरली. त्यानं उजेड टाकला. डाव्या शॉकपचा खालचा बोल्ट. पाना लावला. जोर दिला नाही, नुसता लावला…

बोल्ट फिरला.

इश्वरचा बोल्ट. ज्या माणसाचं काम कधी ढिलं निघालं नाही, त्याचा. कदाचित त्या दिवशी संध्याकाळ झाली होती. कदाचित दामिनीनं जेवायला हाक मारली होती. राहून गेला, आणि तो ज्याच्या भरवशावर सोडला, तो भाऊ मंडईला पळाला.

गोलू रडत नव्हता. दात आवळून पाना ओढत होता. बोल्ट एक फेर बसला. अजून थोडा. अजून. मग लोखंड कुरकुरलं आणि पाना पुढं जाईना. त्यानं पान्याच्या मुठीनं ठोकलं.

टण्ण.

उजवीकडं गेला. तो बोल्ट घट्ट होता. तोही ठोकला. सगळे ठोकले. वरचे, खालचे. एकही सोडला नाही.

“पाह्यलं, दादा,” तो म्हणाला. “तुह्यं सगळं पाह्यलं.”

बॅटरी विझली.

अंधारात… अगदी कानाशी… कोणीतरी श्वास सोडला. डोक्यावरचं पोतं उतरवल्यावर हमाल सोडतो तसा. लांब.

मग काही नाही.

गोलू केव्हा बाहेर आला, केबिनमध्ये केव्हा बसला, त्याला सांगता येत नाही. उजाडायला लागलं तेव्हा यादोराव मिलवरची राखण संपवून लुनावर घरी निघाले होते. रस्त्यावर पळसाची फांदी दिसली, मग पिकअप. काच खाली होती. गोलू स्टिअरिंगवर हात ठेवून बसला होता. डोक्यापासून पायापर्यंत धुळीनं पांढरा.

“काय झालं बे?”

गोलूनं सगळं सांगितलं. तुटक तुटक. यादोरावांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, “चाल. गाडी काढ. थंडीनं मरशील इथं.”

गोलूनं दगड काढले, गाडी सुरू केली आणि दहा पावलं पुढं घेतली. यादोराव मागं उभे होते. गाडी सरकली तसं त्यांनी खाली पाहिलं, आणि गोलूला हाक मारली. गोलू उतरून आला.

गाडी उभी होती तिथल्या धुळीत गोलूच्या पाठीचा ठसा उमटला होता. सडपातळ, आखूड, आणि त्याच्यामागून तो सरकत पुढं गेल्याचा, मग बाहेर आल्याचा फराटा.

त्याच्या शेजारी आणखी एक ठसा होता. रुंद खांद्यांचा. लांब. पाठ, कंबर, टेकलेलं डोकं, सगळं उमटलेलं. इश्वर गेल्यावर तिथं दोन पाऊस पडून गेले होते. धूळ नवीन होती. आणि त्या ठशाकडं यायचा, किंवा तिथून जायचा, कसलाही माग नव्हता.

यादोराव सांगता सांगता थांबले. शेकोटीत एक काटकी तडकली. बिडी कोणी परत मागितली नाही.

गोलू त्या ठशाजवळ बसला. हात लावला नाही. मग त्यानं कानाभोवतीचा दुपट्टा सोडला, झटकला, चौघडी घडी केली, आणि जिथं डोकं टेकलं होतं तिथं उशाला नीट ठेवला. कडा सारख्या केल्या. आणि मागं न पाहता गाडीकडं गेला.